सात खिळ्यांचं औषध

ते सायकलवरून निघाले की रस्त्यातली माणसं थांबून बघत. वेगामुळे नव्हे. ते इतके हळू चालवत की आता पडतात की मग पडतात हे बघायला लोक थांबत. चार पायडल श्वास आत आणि आठ पायडल श्वास बाहेर, असा त्यांचा नेम होता. मद्रासला मैलापूरच्या तळ्याकडच्या चौकात पोलिसानं हात दाखवला तरी आठ पायडल पुरी झाल्याशिवाय ते थांबत नसत. पोलीस ओरडला की चौकाच्या पलीकडे जाऊन उतरत, सायकल उभी करत, चालत परत येत आणि त्याला सांगत, "तू ओरडताना खांदे वर घेतोस. उद्या मान दुखेल."

पुढे त्या पोलिसाची मान खरंच दुखायला लागली. ओरडून ओरडूनच दुखली असेल. पण नाव यांचं झालं आणि तो पोलीस दर शुक्रवारी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायला लागला.

तमिळमध्ये वाध्यार म्हणजे मास्तर. त्यांना सगळे वाध्यार म्हणत. आधी ते शाळेत कवायत शिकवत. पण सगळ्या मुलांनी एकाच वेळी हात वर करायचे, हे त्यांना पटेना. जाड्याला वेगळी कवायत, लुकड्याला वेगळी, रडक्याला वेगळी असं त्यांनी सुरू केलं. तपासणीला साहेब आले तेव्हा मैदानावर चाळीस मुलं चाळीस तऱ्हेनं हलत होती. हेडमास्तरांनी यांना घरी बसवलं. घरी बसून ते लोकांची दुखणी योगानं बरी करायला लागले. तिथंही नियम तोच, एकाला दिलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही.

मी सोलापूरची. लग्न होऊन मद्रासला आले ती तंजावरकडच्या मराठी घरात. ती माणसं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी जुनी, मधेमधे तमिळ, आणि बोलण्याचा सूर सगळा तमिळ. पहिलं वर्षभर मला वाटे की घरातले सगळे माझ्यावर रागावलेत. नंतर कळलं, फक्त सासूबाई रागावल्यात, बाकीच्यांचा सूरच तसा आहे. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणत, सासऱ्यांना अप्पा.

वाध्यार आमच्या घरी पहिल्यांदा आले ते अम्मांच्या उजव्या खांद्यासाठी. खांदा धरला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. त्यांचं नेसणं, त्यांची वेणी, त्यांची पाठ चोळणं, सगळं माझ्याकडे आलं. वेणी घालताना मी केस ओढते अशी त्यांची तक्रार, आणि ओढत होतेच. त्याच वैशाखात सोलापूरला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. तीन वर्षं मी माहेर पाहिलं नव्हतं. अम्मा देवापुढे बसून म्हणाल्या, "माझा हात डोक्यावर जाईल त्या दिवशी तू गाडीत बैस. तोवर नाव काढू नको." देवापुढे बोललेलं त्या मोडत नसत. तेव्हा त्यांचा खांदा बरा व्हावा असं घरात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर मला. मायेनं नव्हे. मला लग्नाला जायचं होतं.

वाध्यारांनी खांद्याला हातसुद्धा लावला नाही. "दुखणं बघू नये, दुखणाऱ्याला बघावं," असं म्हणून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि सकाळभर बसून राहिले. मधूनमधून काहीतरी विचारत.

"अक्का, उठताना कोणत्या कुशीवर उठता?"

"मी झोपतेच कोठे? या घरात झोप येते का?"

"रागावल्यावर आधी श्वास घेता की आधी बोलता?"

"मी रागावतच नाही!" अम्मा इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या गच्चीवरचे कावळे उडाले. वाध्यारांनी मान डोलावली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

मग त्यांनी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडलं आणि मागच्या बाजूला चित्रं काढली. हीच त्यांची चिठ्ठी. ज्याच्या घरी जात त्याच्याच कॅलेंडरचं पान फाडत, त्यामुळे त्यांच्या रोग्यांच्या घरी एकादशी कधी येऊन गेली ते कळत नसे. चित्रं त्यांना येत नसत. बाईला अंबाडा, पुरुषाला शेंडी आणि बाकी दोघांनाही चार काड्या. उताणं निजलेलं माणूस आणि मेलेली पाल, दोन्ही त्यांच्या हातून सारखीच उतरत. अम्मांच्या चिठ्ठीत चार पाली होत्या. एक हात वर नेणारी, एक उताणी, एक भिंतीला टेकलेली, आणि एकीच्या तोंडातून रेघा निघत होत्या. म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणायचं. सकाळी, पोटात काही नसताना, बारा बारा वेळा.

दुसऱ्यांना ते फार कडक होते. नुंगंबाक्कमला एक बँकेचे साहेब होते. त्यांना कुणी सांगितलं की शीर्षासनानं बुद्धी वाढते. वाध्यार त्यांना म्हणाले, "तुम्ही पाय खुर्चीवर टाकून निजा. डोक्यावर इतका भार टाकू नका, त्याला सवय नाही." साहेबांना राग आला. त्यांनी चोरून दाराला टेकून शीर्षासन केलं. दार ओढलेलं होतं, कडी नव्हती. बाहेरून कामवालीनं ढकललं नसतं तर निभावलं असतं. साहेब पुढच्या पुढे घडी होऊन पडले आणि बाई रांगोळीचा डबा टाकून पळाली ती दोन दिवस आली नाही. वाध्यार बघायला गेले. म्हणाले, "छान झालं. आधी तुम्हाला फक्त हौस होती, आता दुखणं आहे. आता मी काहीतरी करू शकतो."

साहेब बरे झाले. बुद्धीचं मला माहीत नाही.

स्वतःला मात्र त्यांचा एकही नियम लागू नव्हता. त्यांना बारा महिने सर्दी. शिंक आली की बोट वर करून सगळ्यांना गप्प करत, श्वास भरून घेत, आणि मग घर हलेल असं शिंकत. दुसऱ्यांची साखर बंद, आणि स्वतःच्या कॉफीत तीन चमचे. एकदा मी बोलूनच दाखवलं. त्यावर शांतपणे म्हणाले, "सूनबाई, प्रत्येकाचं पथ्य निराळं. माझ्या प्रकृतीला साखर लागते आणि दुपारी दोन चकल्या." दुपारच्या तीनच्या ठोक्याला ते कुणाच्या ना कुणाच्या घरी कॉफीला असत. कॉफी चुकली की त्यांना दिसेनासं होई, असं तेच सांगत. पुढे बऱ्याच वर्षांनी ते गेले, तेही सर्दीनंच गेले असं ऐकलं.

आता अम्मांच्या चिठ्ठीचं काय झालं ते सांगते. आमच्या घरी एक रिवाज होता. नवस अम्मांनी बोलायचा आणि मी फेडायचा. देवळाच्या एकशेआठ प्रदक्षिणा त्यांच्या नावानं मी घालायच्या. त्यांची संकष्टी मी धरायची. संकल्प ज्याच्या नावानं सोडला त्याला पुण्य पोचतं, असं त्यांच्या भटजींनी सांगितलेलं होतं. तेव्हा चिठ्ठी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मांनी मला अंघोळ करून बोलावलं, अप्पांना संकल्प सांगायला बसवलं, आणि माझ्या हातावर पळीभर पाणी घातलं. अप्पांनी अम्मांचं गोत्र सांगितलं, नक्षत्र सांगितलं, खांद्याच्या आरोग्याचं सांगितलं. मी पाणी ताम्हनात सोडलं आणि पाल होऊन उताणी पडले.

त्यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. प्रदक्षिणा पोचतात, तर हे का नाही पोचणार?

अम्मा झोपाळ्यावर बसून डाव्या हाताच्या बोटांवर मोजत. "नऊ... गुणगुण नीट येईना... दहा." मी गुणगुणत असे. पंधरा दिवसांत माझी कंबर मोकळी झाली, झोप गाढ लागायला लागली, आणि भूक अशी की आठ इडल्या कमी पडायच्या. अम्मा म्हणत, "हिला वाध्यारांचं काय लागलंय हे?" त्यांचा हात होता तिथंच होता.

वाध्यार बघायला आले. "रोज झालं?"

"एक दिवस चुकला नाही," अम्मा म्हणाल्या. खोटं नव्हतं.

त्यांनी हात उचलून पाहिला. छातीपर्यंत आला आणि अम्मा किंचाळल्या. वाध्यारांचा चेहरा उतरला. घरी जाऊन त्यांनी विचार केला आणि नवी चिठ्ठी पाठवली, आधीपेक्षा अवघड. तीही मी केली. मग तिसरी आली. त्यात एक पाल एका पायावर उभी होती. खांद्यासाठी एका पायावर का, ते मी विचारलं नाही, उभी राहिले. माझी तब्येत अशी सुधारली की शेजारणी विचारायला लागल्या, काही विशेष आहे का. आणि लग्नाला आता महिना सव्वा महिनाच उरला होता.

"माझी चिठ्ठी अशी कधी वाया गेली नाही," वाध्यार अप्पांना म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी दुसरी चकली घेतली नाही. मला त्यांची दया वगैरे आली नाही. मला वाटलं, या माणसाला काही येत नाही आणि माझी बहीण माझ्याशिवाय बोहल्यावर चढणार.

मग एका सकाळी ते न सांगता आले. मी स्वयंपाकघरात जमिनीवर उताणी, हात डोक्यावरून मागे, आणि भुंगा चालू. अम्मा झोपाळ्यावर बसून मोजत होत्या. वाध्यार दारात उभे राहिले.

"हे कोण करते आहे?"

"सून," अम्मा म्हणाल्या.

"आणि दुखणं कोणाचं?"

"माझं. पण संकल्प सोडलाय ना माझ्या नावचा. विचारा यांना."

मला वाटलं, आता हे ओरडतील. ते अप्पांसमोर मांडी घालून बसले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "संकल्पात कोणता खांदा सांगितला?"

अप्पा चाचरले. "खांदा म्हटलं. उजवा म्हणायचं राहिलं वाटतं."

"म्हणजे अर्धं डाव्याला गेलं." वाध्यारांनी मान हलवली. "आणि उरलेलं सुनेनं वाटेतच खाल्लं. बघा, कशी दिसते आहे!"

अम्मा रागानं माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी त्यांचा खांदा चोरला.

"अक्का," वाध्यार म्हणाले, "पुण्य दुसऱ्याच्या हातून मिळतं. श्वास मिळत नाही. तो ज्याचा त्यानं घ्यावा लागतो."

"सरी, सरी," अम्मा म्हणाल्या. म्हणजे बरं बरं. म्हणजे करणार नाही. हे सगळ्यांना कळलं, वाध्यारांनाही. ते पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "या घरात असं कोणतं काम आहे, जे अक्का दुसऱ्याला करू देत नाहीत?"

"बोलणी देणं," मी म्हणाले.

"किल्ल्या," अप्पा म्हणाले.

वाध्यार उभे राहिले. "दोन्ही चालतील."

अम्मांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची किल्ली त्यात. साखर, तूप, काजू, कॉफीच्या बिया, सगळं कोठीत कुलपात. घरात कुणाला चमचाभर साखर हवी असली तरी अम्मा स्वतः उठून कुलूप काढत. सून येऊन तीन वर्षं झाली तरी मी त्या जुडग्याला हात लावलेला नव्हता.

वाध्यारांनी हातोडी मागितली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या लाकडी खांबात एकावर एक सात खिळे ठोकले. पहिला कमरेच्या उंचीवर, सहावा अम्मांच्या कपाळाशी, सातवा त्यांच्या डोक्याच्या वर हातभर. चौथ्या खिळ्याला त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, आणि मग तमिळमध्ये असा शब्द उच्चारला की अप्पांनी माझ्याकडे न बघता पंचांग उघडलं. खांब भिंतीला लागून होता, डावा हात घालायला जागाच नव्हती. घरात एकच स्टूल होतं. ते त्यांनी सायकलला बांधलं आणि घेऊन गेले. ते स्टूल आम्हाला परत मिळालं नाही.

जाताना सांगून गेले, "किल्ल्या खिळ्यावर राहतील. अक्कांशिवाय कोणी हात लावायचा नाही. चार दिवसांनी एक खिळा वर. आणि सगळ्या जगाला मी सांगतो, हात वर नेताना श्वास घ्या. अक्का हात वर नेताना बोलतात, म्हणजे श्वास सोडतात. अक्कांसाठी उलटं. अक्का, हात वर जात असताना थांबायचं नाही, बोलत राहायचं."

एवढं एक पथ्य अम्मांनी मनापासून पाळलं. सकाळची कॉफी, दुधाची साखर, पूजेचं तूप, दिवसातून वीस वेळा त्या खांबाशी जात आणि हात वर नेताना मला बोलत. खिळा जसा वर गेला तशी बोलणीही लांबली. दुसऱ्या खिळ्याला फक्त माझा स्वयंपाक होता. चौथ्याला माझी आई आली. पाचव्याला सोलापूरची चादर, सोलापूरचं पाणी, सोलापूरची हवा. मी मुद्दाम दिवसात चार वेळा जास्त साखर मागत असे. हात हळूहळू वर चालला होता. दर चौथ्या दिवशी दुपारी वाध्यार येत, जुडगा एक खिळा वर टांगत आणि कॉफी पीत.

सहाव्या खिळ्याला हात पोचला तेव्हा लग्नाला नऊ दिवस उरले होते. त्या दुपारी अम्मांनी मला झोपाळ्याशी बोलावलं. जुडगा त्यांच्या हातात होता.

"घे," त्या म्हणाल्या. "आजपासून कोठी तुझी. माझं वय झालं."

मला सगळं कळलं. किल्ल्या माझ्याकडे आल्या की हात वर न्यायचं कारण उरणार नाही. हात अडला की माझं जाणं अडलं. आणि कोठीची मालकीण घर सोडून महिनाभर माहेरी जाते कशी? पण म्हणून मी जुडगा लगेच परत दिला असं नाही. त्या जुडग्यासाठी मी तीन वर्षं जळत होते. मी तो कमरेला लावला, कोठी उघडली, आत जाऊन दार लावून घेतलं आणि दोन मुठी काजू खाल्ले. वर बेदाणे. मग तिथंच पोत्यावर बसून बहिणीचा विचार केला. लहानपणी ती माझ्या पाठीला चिकटून झोपायची आणि लाथा मारायची. तिच्या लाथा आठवल्या आणि मी उठले, थोडे काजू पदरात बांधून कोठीला कुलूप घातलं. मी अम्मांपेक्षा बुटकी, म्हणून पीठ वाटायच्या दगडी रगड्यावर चढले आणि किल्ल्या सातव्या खिळ्यावर टांगल्या.

अम्मांनी पाहिलं. "कोणी लावल्या त्या?"

"मी."

"काढ."

"स्टूल नाही."

"ज्यावर चढलीस त्यावर चढ."

"वाध्यारांनी सांगितलंय, तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

"माझाही हात जाणार नाही," अम्मा म्हणाल्या, आणि झोपाळ्यावर बसल्या.

त्या संध्याकाळी घरात कॉफी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. ज्यानं मद्रासमध्ये सकाळ काढली नाही त्याला हे काय ते कळणार नाही. माझा नवरा न बोलता ऑफिसला गेला, तिथं हॉटेल होतं. अप्पा बाहेरचं काही घेत नसत. ते रिकामं भांडं समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. ते उंच होते, हात वर केला असता तर किल्ल्या आल्या असत्या. पण अम्मांच्या किल्ल्यांना हात लावायची त्यांची छाती नव्हती. अम्मांनी कपाळाला सुंठ लावली. मला काजू होते म्हणून माझं बरं चाललं होतं.

तीनला वाध्यार आले. पाय धुतले, बसले, वाट पाहिली.

"आज कॉफी नाही," मी म्हणाले.

"उशीर आहे?"

"नाही. कॉफीच नाही. कालपासून."

त्यांनी खांबाकडे पाहिलं, अम्मांकडे पाहिलं, आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. ते उठले. खांबाशी गेले. सातवा खिळा त्यांच्या सहज हाताशी होता. हात वर झाला, अर्ध्यावर थांबला, पुन्हा थोडा वर झाला, आणि खाली आला.

"अक्का," ते म्हणाले, "मी काढल्या तर तुमचं औषध गेलं. नाही काढल्या तर माझं डोकं जातं."

"जाऊ दे," अम्मा म्हणाल्या. "माझं तर कधीच गेलंय."

ते त्यांच्यासमोर बसले आणि डोळे मिटून श्वास मोजायला लागले. चार आत, आठ बाहेर. थोड्या वेळानं मी ऐकलं तर चार आत आणि चारच बाहेर चालले होते. मग मोजणं बंद पडलं. आयुष्यभर लोकांना इंद्रियं आवरायला सांगणारा तो माणूस एका डोळ्यानं खांबाकडे बघत होता. कपाळावर घाम. अप्पांनी त्यांच्याकडे पंखा सरकवला. त्यांनी घेतला नाही.

"वाध्यार, तुम्ही घरी जा की," मी म्हणाले. "घरी कॉफी असेल."

"रोग्याला सोडून जात नाहीत," ते म्हणाले. तेवढी एक गोष्ट मी त्यांच्या बाजूनं सांगेन. ते उठले नाहीत.

अम्मा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग झोपाळा जोरात मागे गेला आणि त्या उठल्या.

"पैत्यम!" त्या ओरडल्या. म्हणजे वेडा. "सगळे पैत्यम या घरात! एक हा सायकलवाला, माझ्या खांबाची चाळण केली, माझं स्टूल नेलं! एक ही सोलापूरवाली, आठ आठ इडल्या खाते आणि रगड्यावर चढते! बहिणीचं लग्न म्हणे! माझ्या लग्नात माझी बहीण आली होती का? नाही आली! कोणी सोडलंच नाही तिला! मी मेले का? आणि हे, नुसतं भांडं धरून बसलेत, जसं काही पाऊस पडून भरणार आहे..."

बोलत बोलत त्या खांबाशी पोचल्या होत्या आणि हात चालला होता. कान गेला, कपाळ गेलं, अंबाडा गेला. जुडगा वाजला. अम्मांचा उजवा हात डोक्याच्या वर हातभर उभा होता आणि त्यात किल्ल्या होत्या.

बोलणं बंद झालं. काय झालं ते त्यांच्याही लक्षात आलं. वाध्यार बसल्या जागेवरून हळूच म्हणाले, "आता श्वास घ्या, अक्का. पुष्कळ बाहेर गेलाय."

कॉफी झाली. वाध्यारांनी चार चमचे साखर घेतली. अम्मांनी त्यांच्याकडे न बघता पाचवा घातला. कुणी लग्नाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, भांडी विसळत राहिले.

मग अम्मा पदरानं तोंड पुसत उठल्या आणि माळ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. माळ्यावर माझी लग्नातली पत्र्याची ट्रंक होती. कुणाला हाक न मारता, दोन्ही हात वर करून त्यांनी ती कडेला ओढली.

"वीस दिवस," त्या वर बघतच म्हणाल्या. "एकविसाव्या दिवशी दिसली नाहीस, तर मी सोलापूरला येईन. कळलं का?"

मला ते कळलं, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. ट्रंक अंगावर येत होती. मी ती दोन्ही हातांनी झेलली, खाली ठेवली आणि आत पहिलं लुगडं घातलं.